सेंद्रिय म्हणून घ्यावे ते कशाच्या भरवशावर?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. बेळगावच्या एका दुकानात ‘सेंद्रिय’ आणि कन्नडमध्ये ‘सावयव’ असे छापलेला पिवळाधमक गूळ दुप्पट दराने मिळतो. आठवडा बाजारात एक ओळखीचा शेतकरी काळपट ढेपा घेऊन बसतो आणि आपण रासायनिक खत वापरत नाही असे सांगतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र मात्र नाही. सासूबाईंना पिवळा गूळच स्वच्छ वाटतो, तर मुलाचा छापील पाकिटाशिवाय कशावरही विश्वास नाही. आम्ही काय घ्यावे?
— एक गृहिणी

उत्तर : आपल्या घरातील दोन्ही मते आपल्या भागातील बहुतेक घरांत ऐकू येतात, आणि दोन्हींमध्ये एकच चूक आहे : डोळ्यांना जे दिसते त्यावरून शेतात काय घडले हे ठरवले जाते.

आधी रंगाविषयी. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना वर येणारी मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत आहे. पुढे बाजाराला पिवळा गूळ हवासा झाला, तेव्हा रंग उजळण्यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे गुळव्यांच्या बोलीतले ‘हायड्रॉस’, आले. म्हणून फार फिका पिवळा गूळ पाहून शंका घेणे योग्यच आहे. परंतु काळपट गूळ सेंद्रियच असतो असे मात्र नाही, कारण उसाची जात, जमीन आणि कढ यांवरही रंग ठरतो. शिवाय गूळ करताना हायड्रॉस घातले नाही, एवढ्याने रासायनिक खतावर वाढलेला ऊस सेंद्रिय होत नाही. बाजारातल्या शेतकऱ्याला हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

पाकिटाच्या बाबतीत ‘सेंद्रिय’ किंवा ‘सावयव’ या शब्दावर न थांबता प्रमाणीकरणाचे चिन्ह शोधा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार, सेंद्रिय म्हणून विकला जाणारा माल एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडिया (सहभागी हमी पद्धत) या दोनपैकी एका पद्धतीने प्रमाणित असावा लागतो; त्यावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. पीजीएस पद्धतीत गटातले शेतकरी एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. नुसते ‘नैसर्गिक’ किंवा ‘गावरान’ असे लिहिले असेल, तर त्याला या प्रमाणीकरणाचा आधार नसतो.

आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याला कागद नाही म्हणून त्याला खोटे समजू नये, असे मला मनापासून वाटते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या, वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या मूळ उत्पादकाला या प्रमाणपत्राची सक्ती नाही. ‘जैविक भारत’ चिन्ह मात्र त्याला वापरता येत नाही. अशा ठिकाणी कागदाची जागा ओळख घेते. त्याच्या उसाला कोणते खत पडते, तण कसे काढतो, शेजारच्या शेतातले पाणी आत येते का, हे विचारा. जमल्यास एकदा त्याचे शेत आणि गुऱ्हाळ पाहून या. खरे काम करणारा माणूस या प्रश्नांनी सहसा दुखावत नाही, उलट तासभर बोलत बसतो.

दराचे कारणही समजून घ्यावे. हंगामी पिकांची जमीन रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळवताना साधारण दोन वर्षांचा रूपांतर काळ धरला जातो. त्या काळात उत्पन्न घटू शकते आणि पूर्ण सेंद्रिय म्हणून दरही मिळत नाही, त्यामुळे अनेकजण तिथेच माघार घेतात. त्या दोन वर्षांत माल घेणारी पाच-दहा घरे मिळाली, तर तो शेतकरी टिकतो.

आरोग्याविषयी आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा ठाम पुरावा त्यांना आढळला नाही. कीटकनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण मात्र कमी आढळले. म्हणून हातात पैसा मोजका असेल, तर दुप्पट दराच्या गुळासाठी मुलांच्या ताटातली भाजी कमी करू नका. पुढच्या बाजारी त्या शेतकऱ्याकडून एक छोटी ढेप घ्या, आणि सासूबाईंना सोबत न्या. गुऱ्हाळाविषयी कोणते प्रश्न विचारावेत, हे कदाचित त्यांनाच अधिक ठाऊक असेल.