वाचकांचे प्रश्न : पेलेट स्टोव्ह आणि ‘कार्बनमुक्त’ ऊब

प्रश्न : आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका जुन्या घरात राहतो. तळघरातल्या बॉयलरला वर्षाकाठी सुमारे २००० लिटर तेल लागते. त्याऐवजी दिवाणखान्यात पेलेट, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून बनवलेल्या लहान कांड्या, जाळणारा स्टोव्ह बसवावा असा विचार आहे. विक्रेता या स्टोव्हला ‘कार्बनमुक्त’ म्हणतो. ते कितपत खरे मानावे?

उत्तर : ‘कार्बनमुक्त’ हा शब्द येथे चुकीचा आहे. तेवढीच उष्णता मिळवण्यासाठी तेल जाळले, तर जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याहून अधिकच लाकूड जाळताना पडतो. तरीही लाकडाला सौम्य इंधन मानतात, कारण झाडाने तो कार्बन वाढताना हवेतूनच घेतलेला असतो आणि त्याच्या जागी उगवणारे झाड तो पुन्हा शोषून घेते; मात्र ही परतफेड व्हायला अनेक दशके लागतात. म्हणून पेलेट कशापासून बनले, याला सर्वाधिक महत्त्व आहे. जर्मनीत बहुतांश पेलेट लाकूड कापणाऱ्या गिरण्यांतील भुशापासून व छिलक्यांपासून बनतात. हा भुसा वाळवून, प्रचंड दाबाखाली सहा मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून काढतात. लाकडातील लिग्निन हा घटक दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने मऊ होतो आणि कण एकमेकांना धरून ठेवतो. असा भुसा पडून राहिला असता, तर कुजून त्यातील कार्बन काही वर्षांत हवेत गेलाच असता. याउलट, पेलेटसाठी मुद्दाम उभे झाड तोडले, तर हे सारे गणित कोसळते. खरेदी करताना पेलेटच्या दर्जाचे ‘एनप्लस ए१’ हे प्रमाणपत्र पाहावे आणि कच्चा माल कुठून येतो, हे विक्रेत्याला स्पष्टपणे विचारावे.

धुराच्या बाबतीत पेलेट स्टोव्ह ओंडक्यांच्या शेगडीपेक्षा निश्चितच चांगला असतो. इंधनातील ओलावा दहा टक्क्यांहून अधिक नसतो, मळसूत्र ते मोजून आत सोडते आणि पंखा हवा पुरवतो, त्यामुळे ज्वलन बरेच पूर्ण होते. जर्मन नियमांनुसार, पाणी न तापवणाऱ्या नव्या पेलेट स्टोव्हच्या धुरात घनमीटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत, तर ओंडक्यांच्या नव्या शेगडीच्या धुरात ४० मिलिग्रॅमपर्यंत धूलिकण चालतात. हा फरक फार मोठा नाही, हेही ध्यानात घ्यावे. श्टुटगार्ट खोलगट दरीत वसलेले आहे. हिवाळ्यात वारा पडला की धूलिकण तेथेच साचतात आणि २०१६पासून काही वर्षे त्यासाठी शहराला ‘धूलिकण इशारा’ द्यावा लागत होता. जर्मनीची संघीय पर्यावरण संस्था तर घर तापवण्यासाठी लाकूड जाळणे टाळावे, असाच सल्ला देते.

आता आपल्या घराचा हिशेब पाहू. दोन किलो पेलेट म्हणजे साधारण एक लिटर तेल, म्हणजे सगळे घर पेलेटवर तापवायचे झाल्यास वर्षाला चार टन लागतील. दिवाणखान्यातला स्टोव्ह एवढा भार उचलू शकत नाही. चार किलोवॅट उष्णता देताना तो तासाला सुमारे एक किलो पेलेट जाळतो, आणि पंधरा किलोच्या पिशवीमागे जेमतेम शंभर ग्रॅम राख उरते. त्यामुळे बॉयलर ठेवून त्याचे तेल कमी करणे, एवढीच अपेक्षा त्याच्याकडून ठेवावी. माझे स्पष्ट मत असे की, पैसे मर्यादित असतील तर ते आधी छताच्या व भिंतींच्या उष्णतारोधनावर आणि खिडक्यांवर खर्च करावेत. त्यानंतर उष्णता पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणारे यंत्र, बसू शकतो का, ते तपासावे. तो शक्य नसेल तरच पेलेटकडे वळावे. स्टोव्ह विकत घेण्यापूर्वी आपल्या भागातील धुराड्यांच्या अधिकृत निरीक्षकाला घरी बोलावावे, कारण त्याच्या मंजुरीवाचून स्टोव्ह पेटवता येत नाही.

प्रश्न : तळघरात दोन-तीन टन मोकळे पेलेट भरून ठेवले तर चालतील का?

उत्तर : हवा खेळती असेल तरच. साठवलेल्या पेलेटमधील मेदाम्लांचा (लाकडातील चरबीसारख्या घटकांचा) हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन, न जळताही, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि बंद कोठारात शिरलेल्या माणसांचे त्यामुळे जीव गेलेले आहेत. हा वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही. कोठाराला बाहेर उघडणारी वायुवीजनाची झाकणे असावीत, नवा माल भरल्यावर पहिले काही आठवडे विशेष जपावे आणि आत उतरण्यापूर्वी दार उघडून हवा पुरेशी खेळू द्यावी. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र कोठाराजवळ आणि स्टोव्हच्या खोलीत, दोन्ही ठिकाणी लावावे. केवळ दिवाणखान्यापुरता स्टोव्ह असेल, तर मोकळा साठा करण्यापेक्षा पिशव्यांतला माल घेऊन कोरड्या जागी थोडा थोडा ठेवणे सोयीचे पडते.