निळ्या गोळीचं आधी सांग
अगं, शाळेत रक्त कमी असण्याबद्दल शिकवताना पहिल्याच दिवशी नववीच्या मुलींपुढे तक्ते उघडून बसू नकोस. "जिना चढताना धाप कुणाला लागते?" एवढंच विचार, हात आपोआप वर येतात. मग हिमोग्लोबिनवर ये. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, हे तेव्हा डोक्यात बसतं. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवल्यावर, आणि त्यावर लगेच चहा नको. शौचाला काळी होते, घाबरायचं नाही, हे आधीच सांग! मी विसरले होते. पुढच्या सोमवारी वर्गाच्या खिडकीखाली निळ्या गोळ्यांचा सडा. पाळीबद्दल मुलग्यांशीही बोल. खिदळतील, खिदळू देत. जिला सात दिवसांपेक्षा जास्त जातं, तिला मात्र बाजूला घेऊन विचार आणि डॉक्टरांकडे पाठव.