रविवारी रात्री थकवा का येतो? आवराआवर शनिवारी, विसावा रविवारी

ताई, तुम्ही तुमचा रविवार असा लिहिलाय: सकाळी उपासना, घरी आल्यावर मशीनला कपडे, मग आठवडाभराच्या स्वयंपाकाची तयारी, कपाटं, संध्याकाळी पुढच्या आठवड्याचं नियोजन. रात्री दहाला प्रार्थनेला बसलं की डोळे मिटतात. ताजंतवानं व्हायला जे करते त्यानेच दमते, मग चुकतंय कुठे, असा तुमचा प्रश्न आहे.

चुकतंय एकाच ठिकाणी. घर लावणं आणि विसावणं या दोन गोष्टी एकाच दिवसात कोंबल्या आहेत. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातला मान्नाचा, म्हणजे रानात देव इस्राएल लोकांना रोज देत असे त्या अन्नाचा, नियम बघा. सहाव्या दिवशी माणशी दोन ओमर (ओमर हे तेव्हाचं माप), म्हणजे रोजच्या दुप्पट गोळा करायचा, भाजायचं-शिजवायचं ते आदल्या दिवशीच उरकायचं आणि उरलेलं सकाळसाठी ठेवायचं. तरीही सातव्या दिवशी काही जण गोळा करायला बाहेर पडलेच आणि हात हलवत परत आले. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, तर या शब्बाथाच्या (सातव्या, विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवसाला नावच आहे, ‘तयारीचा दिवस’ (मार्क १५:४२). म्हणून या उत्तरात शनिवारबद्दल जास्त आणि रविवारबद्दल कमी लिहिलं आहे.

आधी वेळेची चौकट. दिवस मध्यरात्री सुरू करू नका, संध्याकाळी करा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ असाच क्रम आहे. शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते रविवारी संध्याकाळी साडेसहा, असे चोवीस तास धरा. याचे दोन फायदे. विसाव्याची सुरुवात कामाच्या यादीने न होता झोपेने होते. शिवाय रविवारची रात्र मोकळी राहते, त्यामुळे सोमवारची तयारी मनाला न टोचता करता येते.

आता शनिवार. चार ते साडेसहा, अडीच तास. कपडे यात धरायचे नाहीत, ते गुरुवारी धुवायचे. धुणं, वाळणं, घड्या, इस्त्री हे एका संध्याकाळचं काम नव्हेच. शनिवारी धुतलेल्या कपड्यांचा ढीग रविवारी दुपारी खुर्चीवर बसून तुमच्याकडे बघत राहतो.

पहिला दीड तास स्वयंपाकाला. रविवारची दोन जेवणं, आठवड्याची नाही. एका भांड्यात होणारं आणि नुसतं गरम करून वाढता येईल असं काहीतरी निवडा. इथे एक चूक फार जण करतात. मोठं पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवतात. खोल भांड्याच्या मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंना तेच हवं असतं. शिजल्यावर दोन तासांच्या आत अन्न फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. त्यासाठी ते पसरट डब्यांत, साधारण पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थर होणार नाही असं काढा. भाताच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळा, कारण त्यातल्या एका जिवाणूचं विष परत गरम करूनही जात नाही. दुसऱ्या दिवशी मधोमध वाफ येईपर्यंत गरम करायचं. (मान्ना एरवी रात्रभर ठेवला की त्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या आदल्या रात्री नाही. आपल्या पातेल्याला ती सवलत नाही.)

पुढचा अर्धा तास घराला, पण फक्त तीन जागा: ओटा, जेवायचं टेबल, बसायची खोली. कपाट उघडायचं नाही. कपाट उघडलं की शनिवार गेला.

मग दहा मिनिटं हिशेबाला. १ करिंथ १६:२ मध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे काहीतरी बाजूला काढून ठेवायला सांगितलंय. आठवड्याचा खर्च शनिवारी डोळ्यांखालून घातला की दानाचं पाकीट विचार करून भरलं जातं, दारात चपला घालताना खिसे चाचपत नाही. ते पाकीट, शास्त्र (बायबल), चष्मा, किल्ल्या आणि सकाळी घालायचे कपडे एकाच जागी ठेवा.

शेवटची वीस मिनिटं कागदाची, आणि मला विचाराल तर बाकी सगळं सोडलं तरी चालेल, हे सोडू नका. एक कोरा कागद घ्या. डोक्यात जे जे अर्धवट आहे ते एकेका ओळीत लिहा: फोन करायचाय, बिल भरायचंय, मुलाच्या शाळेचा अर्ज, कुणाला तरी द्यायचं राहिलेलं उत्तर. प्रत्येक ओळीपुढे वार लिहा, सोम, मंगळ, काही असो. वार लिहिल्याशिवाय मन ती गोष्ट सोडत नाही. नुसती यादी केली तर उलट धास्ती वाढते, कारण तीस गोष्टी एकदम समोर येतात. कागदाची घडी घालून तो शास्त्राखेरीज दुसऱ्या कशातही ठेवा. शास्त्रात ठेवलात तर उपासनेत हटकून हाताला लागेल.

साडेसहाला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. ज्यांना तातडीने लागू शकतो त्यांना आधीच सांगून ठेवा की कॉल केला तर उचलेन, मेसेज मात्र उद्या संध्याकाळी बघेन. वाचायला छापील शास्त्र घ्या. ॲपवर स्तोत्र उघडायला जाता आणि वरून सूचना टपकतात, दहा मिनिटांनी लक्षात येतं की आपण तिसऱ्याच गोष्टीत आहोत. मेणबत्ती किंवा छोटा दिवा लावून एक स्तोत्र मोठ्याने वाचा. ९२वं स्तोत्र शब्बाथासाठीच आहे, तसं त्याच्या शीर्षकातच म्हटलंय. लहान मुलं असतील तर १२१वं बरं, आठच ओवी आहेत. एवढंच. पहिल्याच आठवड्यात तासाभराची कौटुंबिक प्रार्थना ठरवली तर तिसऱ्या आठवड्यात ती बंद पडते.

रविवारचं फार सांगण्यासारखं नाही, आणि नसावंही. उठायची वेळ रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त पुढे नेऊ नका. दुपारची झोप वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. दोन तास झोपलात की रात्री झोप येत नाही आणि सोमवार जड जातो, मग दोष विसाव्याला लागतो. झोपेला कमी लेखायचं मात्र कारण नाही. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. खायला देतो, झोपू देतो, पुन्हा खायला देतो. परमेश्वराचा प्रश्न त्यानंतर येतो.

काय चालेल, काय नाही, याची यादी मागाल तर देणार नाही, याद्यांनी शब्बाथाचं ओझं कसं होतं ते शुभवर्तमानांत दिसतंच. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याला बागेत माती उकरणं हा विसावा आहे, दिवसभर उभं राहणाऱ्याला आडवं होणं. स्वतःला एकच विचारा: याचा हिशेब सोमवारी कुणाला द्यायचाय का? द्यायचा असेल तर ते काम. आजाऱ्याची सेवा, अडलेल्याला मदत याला हे लागू नाही. विहिरीत पडलेल्याला शब्बाथ दिवशीही वर काढायचंच (लूक १४:५).

आणखी एक, ताई. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (५:१४) शब्बाथाच्या आज्ञेचं कारण दिलंय: तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. घरातल्या चौघांचा विसावा तुमच्या एकटीच्या उभं राहण्यावर चालला असेल तर आज्ञा पाळली गेलेली नाही, असं सरळ म्हणावं लागेल. गरम करणं, वाढणं, भांडी ही रविवारी दुसऱ्यांनी वाटून घ्यायची. मुलं लहान असतील तर नवरा-बायकोने दोन-दोन तासांच्या पाळ्या लावाव्यात. एकाने मुलांना घेऊन बाहेर जायचं, दुसऱ्याने घरात खरोखर एकटं राहायचं.

दुपारी चारच्या सुमाराला पंचवीस मिनिटं आठवड्याकडे मागे वळून बघा. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्याच आठवड्याला लावता येतात: उपकारस्तुती, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, दिवस नजरेखालून घालणं, क्षमा मागणं, पुढचा निश्चय. वहीत सात ओळी आखा, रविवार ते शनिवार. प्रत्येक वारासमोर एकच नोंद: त्या दिवशी देव कुठे जवळ वाटला, किंवा मी कुठे तोंड फिरवलं. ‘मंगळवार: आईशी फोनवर तुटक बोलले’ इतकं पुरे. बहुतेक जण पहिली पायरी गाळून थेट चुकांवर येतात, मग ती वही म्हणजे स्वतःवरचं आरोपपत्र होते आणि महिन्याभरात कपाटात जाते. पंचवीसपैकी दहा मिनिटं पहिल्या पायरीला द्या. कुणाशी समेट करायचा आहे असं वाटलं (मत्तय ५:२३-२४), तर तो फोन त्याच संध्याकाळी.

साडेसहाला दिवा विझवून कालचा कागद उघडायचा. ‘सोम’ लिहिलेल्या ओळी बघायच्या, तीनपेक्षा जास्त असतील तर बाकीच्या पुढे ढकलायच्या. पंधरा मिनिटं, बस.

पहिले तीन-चार रविवार दुपारी अस्वस्थ वाटेल, हात फोनकडे जाईल. ते सवय सुटण्याचं लक्षण आहे, नियम बिघडल्याचं नाही. कामाची घाई असलेल्या महिन्यात तर हे आधी गळतं. निर्गम ३४:२१ नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्यायला सांगतं. गंमत अशी की इ.स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या सुट्टीचा कायदा केला तेव्हा शेतकऱ्यांना नेमकी सूट दिली होती.

काहींना रविवारी ड्युटी असते. त्यांनी रोम १४:५ च्या (कुठला दिवस मानायचा ते ज्याने त्याने मनाशी ठरवावं) आधाराने दुसरा दिवस धरा, मात्र तो दर आठवड्याला बदलू नका. उपासना जमेल त्या वेळेची. पाळक, गायकवृंद आणि संडे स्कूलच्या शिक्षकांनाही हेच, रविवार त्यांचा कामाचाच दिवस असतो. शनिवार पाळणाऱ्या मंडळींनी सगळं वेळापत्रक एक दिवस मागे घ्यावं, कपडे बुधवारी. चोवीस तास मिळतच नसतील तर संध्याकाळचे चार तास घ्या, पण कागद आणि फोन हे दोन नियम त्या चार तासांनाही लावा.