कोरोनात सरकारनं शेतकऱ्यांना प्रत्यक्षात किती पैसे दिले?

कोरोनात शेतकऱ्यांच्या खात्यावर पैसे टाकले म्हणतात ते किती, आणि ते खरंच पोचले का, असं तुम्ही विचारलंय. आमची सांगोला तालुक्यात चार एकर जमीन. त्यातलं दोन एकर डाळिंब, दारात दोन गायी. आमच्याकडं काय आलं तेवढं सांगतो.

मार्च २०२० मध्ये डाळिंबाच्या हस्त बहाराचा, म्हणजे पावसाळा सरताना धरलेल्या फुलोऱ्याचा, माल तोडणीला आला आणि गाड्या बंद झाल्या. व्यापारी फोन उचलेना. एप्रिलमध्ये मोबाईलवर २,००० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. टीव्हीवर त्याला पॅकेज म्हणत होते, पण तो पीएम किसानचा हप्ता होता. ही योजना २०१९ पासूनची. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. एप्रिल ते जुलैचा हप्ता कधी ना कधी येणारच होता, तो एप्रिलमध्येच सोडला. अडचणीत लवकर आला, नाही म्हणत नाही. पण वरचा एक रुपया नव्हता, आणि त्यात माझी एक फवारणी भागली.

कोरोनाचे म्हणून वेगळे पैसे आले ते आईच्या जनधन खात्यावर. एप्रिल, मे, जून, महिन्याला ५००. बँकेबाहेर फक्कीनं गोल आखले होते. आईनं गोलात चप्पल ठेवली आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसली. तिच्यासारख्याच पंधरा-वीस जणींच्या चपला उन्हात नंबर धरून होत्या. अर्थात हे पैसे बाईच्या खात्यावर होते, शेती असो वा नसो.

दुधाचं विचाराल तर सरकार २५ रुपये लिटरनं जादा दूध घेऊन भुकटी करणार होतं. आमच्या संकलन केंद्राच्या चिठ्ठीवर २० च्या वर आकडा काही दिसला नाही.

बरेच जण कर्जमाफीही कोरोनाच्या खात्यात धरतात. महात्मा फुले योजना डिसेंबर २०१९ मध्येच जाहीर झाली होती. ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं २ लाखांपर्यंतचं कर्ज. कोरोनानं उलट तिला खीळ घातली. अंगठा लावायचं मशीनच बंद, त्यामुळं चुलत्यांचं आधार प्रमाणीकरण लटकलं. मी नियमित भरणारा, म्हणजे यादीत नाहीच. आमच्यासारख्यांचे ५० हजार २०२२ मध्ये आले.

त्या वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम आली ती पावसामुळं. ऑक्टोबर २०२० मध्ये आमच्या जिल्ह्याला पावसानं झोडपलं, बागेत पाणी साचलं, फळावर तेल्या रोग आला. राज्यानं १०,००० कोटींचं पॅकेज काढलं. फळबागेला हेक्टरी २५,०००, दोन हेक्टरपर्यंत. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा बांधावरनं चालताना त्यांचा बूट चिखलात रुतून बसला, तो काढायला दोघं लागले. बाग ०.८ हेक्टर लिहिली, २० हजार मिळाले, तेही दोन टप्प्यांत. खत आणि छाटणीचा खर्चसुद्धा त्यात निघाला नाही.

मला विचाराल तर खरी मदत झाली किसान रेल्वेची, म्हणजे शेतमाल नेणाऱ्या खास गाडीची, आणि तिचा एक पैसाही कुणाच्या खात्यावर आला नाही. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सूट होती, ती बुकिंगच्या पावतीवरच वजा व्हायची. माल थोडा असला तरी चालायचा. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० ला आमच्या सांगोल्यातूनच बंगालमधल्या शालिमारला सुटली. पावसातून वाचलेला मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेला, माल आम्ही चौघा शेजाऱ्यांनी मिळून असाच पाठवला. एकट्याला ट्रक भरण्याएवढा माल कुणाकडंच नव्हता. दर बरा लागला. तिकडच्या व्यापाऱ्याकडनं रिकामी कॅरेटं परत यायला तेवढे दोन महिने गेले, त्यातली सहा अजून यायचीत.