समुद्रकाठचा ओटा शोधा: वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न: ताई, मी चोपड्याची, वय 23, डीएड झालंय. श्रीलंकेत गॉलजवळच्या एका गावात सहा आठवडे शाळेत इंग्रजी शिकवायला व्हॉलंटियर म्हणून जातेय. सोबत जर्मनी-फ्रान्सची मुलं असणार, सगळ्यांनी एकाच घरात राहायचं. मला तिथलं खरं जगणं बघायचंय, नुसते बीचचे फोटो नकोत. समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय, तेव्हा अगदी पहिलीपासून सांगा.

उत्तर: अगं माझाही पहिला समुद्र म्हणजे सुरतचा डुमस, आपली तापी जिथे समुद्राला मिळते ना त्याच्या जवळचा, त्यामुळे लाजू नको. मी पण अशीच लंकेला गेले होते, गॉलच्याच किनाऱ्यावर, आणि पहिले दहा दिवस अक्षरशः वाया घालवले. शाळा सकाळी साडेसातला भरते नि दीडला सुटते, मग घरी यायचं, पास्ता खायचा, पत्ते कुटायचे, इंग्रजीत गप्पा मारायच्या, शनिवारी सगळे सर्फिंगला. म्हणजे लंकेत राहून लंका सोडून सगळं बघितलं.

मग एका संध्याकाळी गल्लीत ट्यून वाजवत रिक्षा आली, मागे काचेची पेटी नि त्यात पाव, बन. तिला 'चून पान' म्हणतात, पान म्हणजे पाव. शेजारपाजारच्या बायका गेटवर आल्या, मीपण जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी एका आजीने विचारलं जेवलीस का, आणि तिथून माझी ओळख सुरू झाली. आपल्याकडे नवी सून ओट्यावर बसायला लागली की गल्लीची होते ना, अगदी तसंच. म्हणून माझं एकच सांगणं, तिथला ओटा शोध आणि रोज त्याच वेळी त्याच जागी जा, दहा ठिकाणं एकेकदा बघण्यापेक्षा एक ठिकाण दहादा बघ.

ओटे कुठे कुठे असतात तेही सांगते. सकाळी किनाऱ्यावर 'मा दॅल' ओढतात, म्हणजे आपल्या कोकणातली रापण, लांबलचक जाळं आणि दोन्ही टोकांना माणसांची रांग, तालात ओरडत ओढतात. हात लावलास तर कोणी नाही म्हणत नाही, पण आधी विचार. (माझे तळहात दोन दिवस सोलले होते.) फक्त मे ते सप्टेंबर त्या बाजूला समुद्र खवळलेला असतो, होड्या कमी जातात, तेव्हा जमलं तर डिसेंबर ते मार्चमध्ये जा. एप्रिलच्या मध्यात सिंहली-तमिळ नववर्ष असतं, शाळा बंद, पण कोणी घरी बोलावलं तर सोडू नको.

दुसरा ओटा म्हणजे पोया. दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी, दारू-मटण बंद, पांढरे कपडे घालून सगळे देवळात. तूही पांढराच ड्रेस ने, शाळेची मुलंही पांढऱ्याच युनिफॉर्ममध्ये असतात. मे महिन्यात वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, आला तर रस्त्यावर कंदील आणि 'दन्सल', म्हणजे आपला भंडाराच, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी मात्र चुकूनही काढू नको, तिथे हा फार मोठा अपमान समजतात.

गॉलचा किल्ला बघशीलच. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, 1640 मध्ये डचांनी घेतला आणि मोठा बांधला, 1988 पासून जागतिक वारसा. पण दुपारी म्युझियम करत बसू नको, संध्याकाळी तटबंदीवर जा, गावातली कुटुंबं फिरायला येतात, आणि शेजारच्या स्टेडियमवर मॅच असली तर तटावरून फुकट दिसते. खांबावर बसून मासे धरणारे जे फोटोत दिसतात ना, त्यातले बरेच जण आता फोटोसाठीच बसतात नि खाली उतरून पैसे मागतात. देणार असशील तर दे, पण 'खरं जगणं' म्हणून पोस्ट करू नको.

एक गोष्ट जपून. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत देशात तीस हजारांवर माणसं गेली, हिक्कडुवाजवळ पेरालिया इथे तर लाटेने अख्खी रेल्वेगाडी उचलली, हजाराहून जास्त लोक गेले. त्या काठच्या कितीतरी घरांत तेव्हाची एखादी फोटोफ्रेम असते. तू होऊन विचारू नको, ते सांगतील तेव्हा ऐक.

भाषेचं टेन्शन घेऊ नको, सिंहलीतले काही शब्द आपल्यासारखेच. एक म्हणजे 'एक', सात म्हणजे 'हत', आठ म्हणजे 'अट'. थोरली बहीण 'अक्का', केळं म्हणजे 'केसेल', वांगं म्हणजे 'वंबटु'. मोठ्या बायकांना अक्का म्हटलंस की निम्मं काम झालं.

आणि हो, निघण्याआधी संस्थेला लेखी विचार की आपल्या पैशातले शाळेला किती जातात, आपण परत आल्यावर पुढे कोण शिकवणार, आणि व्हिसा कोणता. टुरिस्ट व्हिसावर काम चालत नाही, फुकटचं असलं तरी. माझ्या वेळी एका संस्थेने हे शेवटपर्यंत टाळलं होतं, मी पण गप्प बसले, तू बसू नको.

प्रश्न: मन्ही आंडेर लंकाले जाई ऱ्हायनी, तठे काय खाई ती? आम्ही शाकाहारी. (एक आई, पारोळा; आंडेर म्हणजे मुलगी)

उत्तर: काकू, उपाशी नाही राहणार. भात, 'परिप्पु' म्हणजे वरण, कोवळ्या फणसाची भाजी, इंडिआप्पा म्हणजे शेवयांसारखं, सगळं मिळतं. नाचणीची भाकरी पण करतात, 'कुरक्कन रोटी' म्हणतात. पण एक फसगत आहे, खोबऱ्याच्या साध्या दिसणाऱ्या 'पोल सांबोल' चटणीत सुकवलेल्या माशाची भुकटी टाकतात. तिला 'उंबलकड एपा' एवढं पाठ करायला सांगा, एपा म्हणजे नको. मी घरमालकिणीच्या चुलीवर करवंट्यांच्या निखाऱ्यात वांगी भाजून भरीत केलं होतं, भरताची वांगी नाही मिळाली, लांबटच होती, पण धुरकट वास तोच. ती म्हणाली तेल जास्त झालं. आता खान्देशात कोणी असं म्हणतं का!

प्रश्न: कासवांच्या हॅचरीत व्हॉलंटियर म्हणून पैसे भरून जाऊ का? (भुसावळ)

उत्तर: जगात सात जातींची समुद्री कासवं, त्यातल्या पाच लंकेच्या किनाऱ्यावर अंडी घालतात, म्हणून हॅचऱ्या, म्हणजे अंडी जपून पिल्लं काढायच्या जागा, पण भरपूर. एकच बघ, पिल्लं जन्मल्याबरोबर समुद्रात सोडतात की टाकीत ठेवून पर्यटकांच्या हातात देतात. पिल्लाला पहिल्या काही तासांतच खोल पाण्यात पळायची ताकद असते, ती टाकीतच संपते. हातात द्यायला लागले की तिथून निघ. मला विचारशील तर आधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाऊन ये, तिथेही कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, स्वस्तात कळेल.

प्रश्न: घरमालकिणीला भेट काय न्यावी? (शिरपूर)

उत्तर: केळीचे वेफर्स नको, केळ्यांचे घड तिथे दुकानादुकानात टांगलेले असतात. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आपले जाड पापड, ने, आणि पहिल्या दिवशी तूच तळून दे, नाहीतर ती कच्चेच खाऊन बघते, माझीने बघितले होते.