३५० घ्यावी की ६५०? रोज हिंजवडी आणि महिन्यातून एकदा गुहागर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची पाच फूट पाच इंच, वजन ६२ किलो. रोज चिंचवड ते हिंजवडी जाऊन-येऊन २८ किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा वहिनींना मागे बसवून कुंभार्ली घाटाने गुहागर. बजेट ओढूनताणून चार लाख. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यावी, इंटरसेप्टर ६५० घ्यावी की थेट क्लासिक ६५०?

आधी उत्तर सांगतो. आज नवीन घ्यायची असेल तर ३५०, ड्युअल चॅनेल एबीएस (ब्रेक मारताना दोन्ही चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि अलॉय चाकांची. ६५०च हवी असा जीव अडकला असेल तर इंटरसेप्टर, तीही जुनी, नीट तपासून. क्लासिक ६५० तुमच्या वापराला सुचवणार नाही.

कारण सीसीत शोधू नका. तुमचे तास मोजा. वर्षाला २४० दिवस ऑफिस धरलं तर सुमारे ६,७०० किलोमीटर होतात. गुहागरच्या दहा फेऱ्या, प्रत्येकी ५५० किलोमीटर, म्हणजे ५,५००. किलोमीटर पाहिले तर दोन्ही जवळपास सारखेच वाटतात. पण हिंजवडीच्या वाटेवर सकाळ-संध्याकाळ सरासरी ताशी २० पडते, तिथे तुमचे ३३५ तास जातात. गुहागरची सरासरी ५० धरली तर ११० तास. गाडीवर बसलेल्या वेळेतला तीन चतुर्थांश वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर बोटं ठेवून, पाय टेकत जाणार आहे. गाडी त्या वेळेसाठी निवडायची आणि उरलेल्या वेळेत ती कुठे कमी पडेल हे डोळे उघडे ठेवून स्वीकारायचं.

आता वजन. क्लासिक ३५० पेट्रोलसह १९५ किलो, इंटरसेप्टर २१८, क्लासिक ६५० तब्बल २४३. सीटची उंची पहिल्या दोघींची कागदावर जवळपास सारखी आहे, ८०५ आणि ८०४ मिलिमीटर. पण कागदावर एक गोष्ट दिसत नाही. इंटरसेप्टरचे फूटरेस्ट अशा जागी येतात की पाय सरळ खाली सोडला की पोटरी त्यावर घासते. मग पाय थोडा पुढे किंवा बाहेर टेकावा लागतो आणि तेवढी उंची हातची जाते. तुमच्या उंचीला याने फरक पडतो. चालत्या गाडीचं वजन कुणालाच जाणवत नाही. जाणवतं ते सोसायटीच्या उतारावरून गाडी मागे ढकलताना, किंवा सिग्नलला पाय टेकला तिथे नेमकी खडी निघाली तेव्हा. गाडी १५-२० अंश कलली की १९५ किलो माणूस सावरतो. २४३ किलो सावरताना कंबर जाते किंवा गाडी तरी.

उष्णतेचंही तसंच. ६५०चं इंजिन हवा आणि ऑइलने थंड होतं. पुढे ऑइल कूलर आहे, पण त्याला पंखा नाही. गाडी चालत असली की उत्तम, उभी राहिली की वारा बंद. वाकड पुलाखाली वीस मिनिटं सरपटताना दोन सिलिंडर आणि दोन सायलेन्सर यांची धग दोन्ही नडग्यांना लागते. एप्रिल-मेमध्ये हे रोजचं आहे. ३५०ही हवा आणि ऑइलनेच थंड होते, पण एकच सिलिंडर, २० हॉर्सपॉवर, त्यामुळे धगही कमी. ६५० घेतलीत तर अर्ध्या मिनिटापेक्षा मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करायची सवय लावून घ्या.

३५० कुठे कमी पडते तेही स्पष्ट सांगतो, कारण इथेच लोक नंतर पस्तावतात. ३५०चे आकडे: २०.२ बीएचपी (म्हणजे हॉर्सपॉवर) आणि २७ न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर. इंटरसेप्टरचे ४७ आणि ५२. तुम्ही ६२, वहिनी ५८ धरू, सामान २० किलो. गाडीसकट ३५० ओढते ३३५ किलो, ६५० ओढते ३५८. टनामागे हॉर्सपॉवर काढली तर एकीकडे ६०, दुसरीकडे १३१. दुपटीच्या वर. शिवाय ६५०चा ८० टक्के टॉर्क २,५०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो असं कंपनी सांगते, आणि ते चालवताना पटतं. गिअर न बदलताही गाडी खेचते.

याचा अर्थ घाटात काय होतो ते बघा. पाटण ओलांडून कोयनानगरकडे दुपदरी रस्त्यावर समोर ट्रक आहे, वेग ४०. मागे दहा मीटर, ट्रक बारा मीटर, पुढे पुन्हा दहा मीटर, एकूण ३२ मीटर तुम्हाला ट्रकपेक्षा जास्त कापायचे आहेत. भरलेली ३५० चढावर ५५च्या आसपास धरली तर ओव्हरटेकला पावणेआठ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ११७ मीटर जाता आणि समोरून ५०ने येणारी कार १०७ मीटर येते. म्हणजे सव्वादोनशे मीटर मोकळा रस्ता दिसला पाहिजे. तीच जागा ६५०ने ७०ला काढली तर चार सेकंदांच्या आत काम होतं आणि १३० मीटर पुरतात. वळणावळणाच्या घाटात १३० मीटर दिसणाऱ्या जागा बऱ्याच असतात, सव्वादोनशेच्या मोजक्या. मोठ्या इंजिनाचा खरा उपयोग हा आहे, टॉप स्पीड नव्हे.

३५०ला यावर उपाय संयमाचा. चौथ्या-पाचव्यात थ्रॉटल पिळून काहीच होत नाही. ट्रकच्या मागे अंतर ठेवूनच तिसरा टाका, वेग आधी जमवा, रस्ता दिसला तरच बाहेर पडा. नाही दिसला तर पुढच्या सरळ पट्ट्यापर्यंत थांबा. वर्षातल्या दहा फेऱ्यांसाठी हे जमतं. दर शनिवार-रविवार दोघं सामानासह निघत असतात त्यांनी मात्र ३५० घेऊ नये, त्यांना ६५०च हवी.

हायवेच्या वेगाबद्दल एवढंच. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कमाल वेग ८० आहे. ८० ते ८५ला ३५० तासन् तास न कुरकुरता चालते, ९५च्या पुढे हँडल आणि फूटरेस्टला थरथर जाणवू लागते. ६५० शंभरला सुमारे ४,००० आरपीएमवर निवांत असते. शिवाय आपल्याकडचे खरे वेगवान रस्ते, मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, समृद्धी, अटल सेतू, दुचाकीला बंदच आहेत. ६५०चा सहावा गिअर वापरायला तुमच्या वाटेवर साताऱ्याकडचा पट्टा मिळेल, पुढे उंब्रजपासून दुपदरी रस्ता आणि मग घाट.

पैशाचं गणित २२ सप्टेंबर २०२५पासून बदललं, आणि बरेच जण जुन्या अंदाजावर बजेट काढतात. ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८वरून १८ टक्के झाला. त्यावरच्या गाड्यांना सेस धरून ३१ होता, तो ४० झाला. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसी आहे, म्हणून ती खालच्या पायरीवर. करापूर्वी अडीच लाखांची ६५० जीएसटीसह साडेतीन लाखांना पडते. तीच १८ टक्क्यांत असती तर २ लाख ९५ हजारांना पडली असती. इन्शुरन्सची रेषाही ३५० सीसीवरच आहे. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो: १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, ३५०च्या वर १५,११७, दोन्हीवर जीएसटी वेगळा. महाराष्ट्रात रोड टॅक्सची टक्केवारी दोन्हींना एकच, पण ती मोठ्या किमतीवर लागते. तुमचे चार लाख ऑन-रोड ६५०मध्ये संपतात. हेल्मेट, रायडिंग जॅकेट, क्रॅश गार्ड, सॅडल बॅग यांना काही उरत नाही. ३५० घेतलीत तर दोघांचं चांगलं जॅकेट-हेल्मेट घेऊनही पैसे हातात राहतात, आणि मी ते आधी घ्यायला सांगेन.

ॲव्हरेज: ३५०ला शहरात ३४, बाहेर ३६ धरा; ६५०ला २२ आणि २७. तुमच्या रनिंगला वर्षाला सुमारे ३५० लिटर विरुद्ध ५१० लिटर. १०४ रुपये दराने फरक साडेसोळा हजारांचा. ऑइलही ६५०ला तीन लिटरच्या वर लागतं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट जुळवायची ती जागा) आठ, मागचा टायर लवकर उतरतो.

चाकांवर एक गोष्ट ठासून सांगतो: स्पोकची चाकं दिसायला सुंदर, पण त्यात ट्यूब असते. कोयनानगरच्या पुढे मागचं चाक बसलं तर मेन स्टँडवर गाडी चढवायची, ॲक्सल नट सोडायचा, चेन उतरवायची, डिस्क असेल तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) सांभाळायचा आणि मग ट्यूब काढायची. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोठा पाना असेलच असं नाही, तो सोबत ठेवावा. चाक परत बसवताना दोन चुका हमखास होतात. चेन फार ताणली जाते, त्याने गिअरबॉक्सकडच्या स्प्रॉकेटच्या बेअरिंगवर ताण येतो. खालची चेन बोटाने दोन-अडीच सेंटीमीटर हलली पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा एकसारख्या असल्या पाहिजेत. दुसरी चूक जास्त धोक्याची. कॅलिपर हलवताना पॅड मागे सरकतात आणि पहिल्यांदा पेडल दाबलं तर ब्रेक लागतच नाही. निघण्यापूर्वी जागेवरच मागचा ब्रेक चार-पाचदा दाबून घट्ट करून घ्यायचा. अलॉय आणि ट्यूबलेस असेल तर हा सगळा खटाटोप टळतो. प्लग किट आणि छोटा पंप, दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर. २०२३पासून इंटरसेप्टरही अलॉयमध्ये मिळते, तेव्हा जुनी बघताना ती शोधा.

मधले पर्यायही बघून घ्या. ट्रायम्फ स्पीड ४००, चाकणला बनते, ३९८ सीसी, ४० पीएस (जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर), वजन १८० किलोच्या आत, रेडिएटरला पंखा, अलॉय चाकं, पहिल्या सर्व्हिसनंतर सर्व्हिस १६,००० किलोमीटरवर. एकट्याला फार छान गाडी. पण तिची ताकद ८,००० आरपीएमला येते आणि मागची सीट आखूड आहे. वहिनींना पाटणपर्यंत जाताना दोनदा उतरावं लागेल. ३९८ सीसी असल्याने कर ४० टक्क्यांचा. होंडा हायनेस सीबी३५० मात्र नक्की चालवून पाहा. १८१ किलो, १५ लिटरची टाकी, ३० न्यूटनमीटर तेही ३,००० आरपीएमलाच. हिंजवडीच्या गर्दीत ती क्लासिकपेक्षा हलकी वाटेल. कोकणात सर्व्हिस सेंटर कुठे आहेत ते मात्र आधी बघा.

टेस्ट राइड शोरूमभोवती एक चक्कर मारून होत नाही. वहिनींना सोबत न्या. आधी गाडी बंद असतानाच मेन स्टँडवरून उतरवा, परत चढवा, आणि उतारावर तीन-चार मीटर मागे ढकला. मग मोकळ्या जागेत दोघं बसून इंग्रजी आठचा आकडा काढा, पाय न टेकता. तिसऱ्या गिअरमध्ये ३०वरून ६० करून पाहा. क्लच पंधरा मिनिटं गर्दीत दाबून पाहा. ६५०ला स्लिप-असिस्ट क्लच आहे, तो अपेक्षेपेक्षा हलका लागतो, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. शेवटी वहिनींना विचारा, गुडघे किती वाकले आणि सीट कुठे टोचली. इंटरसेप्टरची मूळ सीट लांब पल्ल्याला कडक आहे, बहुतेक जण ती बदलतातच.

जुनी ६५० घ्यायची ठरलीच तर गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघा. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर स्टीअरिंग बेअरिंग गेलं. फोर्कच्या नळीवर ऑइलचा ओघळ आहे का, स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झालेत का, हे बघा. सायलेन्सर बदललेला असेल आणि थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येत असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या, नाहीतर तेवढे पैसे कमी करायला लावा. १०,००० किलोमीटरला टॅपेट तपासल्याची नोंद बिलावर हवी. लोन असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. जुनी क्लासिक ३५० बघत असाल आणि ती सप्टेंबर ते डिसेंबर २०२१मधली, मागे ड्रमवाली असेल, तर तिच्या मागच्या ब्रेकच्या ब्रॅकेटसाठी कंपनीने २६,३०० गाड्या परत बोलावल्या होत्या. चॅसिस नंबर सांगून सर्व्हिस सेंटरला ते काम झालंय का विचारा.

टेस्ट राइडनंतर दोन्ही गाड्यांचं ऑन-रोड कोटेशन इथे टाका, इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीजच्या ओळींसकट. त्यातलं काय कमी करता येतं ते बघून सांगतो.