संगणक-शंका: मिंट बसवताना पडदा गोठतो तेव्हा

प्रश्न : आमच्या घरी एका जिनिंगच्या ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि वेगळं बसवलेलं एनव्हिडियाचं जीफोर्स ८४०० जीएस कार्ड. त्यावर विंडोज १० होतं, पण फार रखडत चालायचं. मुलगा बारावीला आहे, त्याला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचीय, म्हणून विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट २२ ची हलकी एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली. सुरुवातीचं चिन्ह दिसतं आणि पडदा तिथेच थिजतो. 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडला तर डेस्कटॉप येतो, पण इन्स्टॉल करताना फाइल्स कॉपी होता होता पुन्हा सगळं गोठतं, माऊसही हलत नाही. पहाटे केलं तर बरंच पुढे जातं, दुपारी लवकर अडकतं. सासूबाई दर वेळी विचारतात, "काय व्हयनं?" मला सांगता येत नाही. मशीन भंगारात द्यावं का?
— एक वाचक भगिनी, चोपडा तालुका

उत्तर : ताई, भंगारात अजिबात देऊ नका. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून आपल्या भागातली चांगली चालणारी कितीतरी मशीनं लोक किलोवर विकताहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं. बारावीच्या मुलाला पायथन शिकायला तुमचं मशीन भरपूर झालं. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे त्याचं पुढचं शिक्षणही बरंचसं यावर निभेल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य 'पहाटे पुढे जातं, दुपारी अडकतं' हे आहे. त्यावरून मला वाटतं की मशीनला दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही 'गोठणं' या एकाच रूपात दिसताहेत. चिन्हापाशी थिजतं ते कार्डामुळे. कॉपी करताना थिजतं ते बहुधा तापल्यामुळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून तुम्ही गोंधळलात.

आधी कार्डाचं बघू. ८४०० जीएस २००७ सालचं. लिनक्समध्ये त्याच्यासाठी 'नूवो' नावाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, असतो. तो एनव्हिडियाने दिलेला नाही, बाहेरच्या लोकांनी कार्ड कसं वागतं ते तपासून तपासून लिहिलेला आहे. काही जुन्या कार्डांवर तो सुरू होतानाच अडकतो. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये 'नोमोडसेट' हा शब्द कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिला जातो, त्यामुळे ग्राफिक्सचा हा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि साध्या पद्धतीने पडदा उजळतो. तुमचा डेस्कटॉप आला तो यामुळेच. एनव्हिडियाचा स्वतःचा जुना ड्रायव्हर शोधत बसू नका. या कार्डासाठीची ३४० मालिका कंपनीने केव्हाच सोडून दिली आणि नव्या कर्नलवर ती नीट बसत नाही.

माझा सल्ला सरळ आहे : कार्ड काढून टाका. जी३१ बोर्डात इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहे. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, कार्डाचा स्क्रू सोडवा, स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी दाबून कार्ड सरळ वर ओढा. मॉनिटरची व्हीजीए केबल मागे बोर्डाच्या पोर्टला लावा. पडदा काळाच राहिला तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, पहिला डिस्प्ले 'ऑनबोर्ड' करावा लागेल. कार्ड गेलं की पेटीतली उष्णताही थोडी कमी होते आणि एसएमपीएसवरचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, भारही.

कार्ड ठेवायचंच असेल तर एक लक्षात घ्या. कंपॅटिबिलिटी मोड फक्त पेनड्राइव्हपुरता असतो. हार्डडिस्कवर मिंट बसलं की पहिल्या सुरुवातीला ते पुन्हा थिजेल आणि सगळं वाया गेलं असं वाटेल. तेव्हा मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे सुरुवातीचा, मेनू आणा, पहिल्या ओळीवर 'ई' दाबा, 'क्वाएट स्प्लॅश' या शब्दांपुढे एक जागा सोडून नोमोडसेट लिहा (इंग्रजी छोटी अक्षरं : एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी) आणि एफ१० दाबा. पण या मार्गाने पडद्याचं रिझोल्यूशन कमी राहतं आणि व्हिडिओ अडखळतात. म्हणून कार्ड काढणंच बरं.

आता मुख्य गोष्ट. मशीन जिनिंगमधून आलंय. तिथे हवेत रुईचे बारीक तंतू सतत तरंगत असतात आणि मशीनचा पंखा ते आत ओढतो. अशा ऑफिसातल्या पेट्या मी बऱ्याच उघडल्या आहेत. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, पण पंखा आणि त्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या यांच्यामध्ये धूळ आणि कापूस मिळून एक घट्ट करडा थर बसलेला असतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसतच नाही. नखाने उचकटला तर अख्खा तुकडा निघतो. हवा पात्यांपर्यंत पोचतच नाही.

इन्स्टॉल करताना पेनड्राइव्हवरच्या दाबून भरलेल्या फाइल्स उलगडून डिस्कवर लिहिल्या जातात, तेव्हा प्रोसेसर एरवीपेक्षा जास्त राबतो. त्यात आपल्याकडे चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. प्रोसेसर फार तापला तर तो आपणहून वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. पण चिपसेट, रॅम, व्होल्टेजचा भाग, जुना एसएमपीएस यांना अशी सोय असतेच असं नाही. ते तापून गडबडले की पडदा आहे तसा गोठतो.

तेव्हा पेटी अंगणात न्या आणि दोन्ही बाजूंची झाकणं काढा. इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा द्या आणि पीन वर ओढा. चारही सुटल्या की कूलर हलकेच गोल हलवून उचला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी पेस्ट वाळून चिकटलेली असते, एकदम उपसू नका. पात्यांतला थर ब्रशने काढा. ब्लोअर मारत असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून खराब होतो. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट सुती कापडाने पुसा आणि मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट ठेवा. बसवताना पिना आधी उलट्या फिरवून मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन-दोन एकदम दाबा. 'टक' असा आवाज आला पाहिजे. एक पीन जरी अर्धवट राहिली तरी कूलर तिरका बसतो आणि मशीन आधीपेक्षा जास्त तापतं. चारही पिना बोर्डाच्या मागून डोकावून बघा.

पेटी उघडी आहे तोवर कपॅसिटर, म्हणजे ते छोटे उभे डबे, नीट बघा. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली असतील किंवा वर तपकिरी डाग असेल तर जळगावला चांगल्या कारागिराकडून ते बदलून घ्या. आणि पाण्याच्या कूलरचा झोत पेटीवर सोडू नका. ओलसर हवेने धूळ पुन्हा घट्ट चिकटते.

एवढं करूनही कॉपी करताना अडकलं तर कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर आतून मशीन जिवंत आहे, फक्त पडदा अडकलाय किंवा डिस्कची वाट बघत बसलंय. कंट्रोल-आल्ट-एफ२ ने नुसत्या अक्षरांचा काळा पडदा येतोय का बघा. दिवा ढिम्म असेल तर हार्डवेअरवर संशय धरा आणि पेनड्राइव्हच्या मेनूतली 'मेमरी टेस्ट' लावा. ती मुद्दाम दुपारी लावा, कारण तुमचं दुखणं दुपारचं आहे. एकही लाल ओळ आली तर रॅमची एक-एक पट्टी काढून पुन्हा तपासा.

दिवा लागत असेल तर डिस्क बघा. पेनड्राइव्हवरून आलेल्या डेस्कटॉपवर 'डिस्क्स' नावाचं साधन आहे, त्यात हार्डडिस्कचा स्मार्ट डेटा, म्हणजे तिच्या तब्येतीची नोंद, दिसतो. 'पेंडिंग सेक्टर' किंवा 'रीअलोकेटेड सेक्टर' हा खराब जागांचा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर त्या डिस्कवर मिंट बसवण्यात अर्थ नाही. छोटी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या. तुमच्या बोर्डाला ती चालते आणि एवढ्या एका खर्चाने मशीन ओळखू येणार नाही इतकं पळेल.

एक विनंती. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. कार्ड काढलं, पेस्ट बदलली आणि पेनड्राइव्हही नवा केला, तर नेमकं काय दुखत होतं ते कधीच कळणार नाही. मुलाला लिहायला सांगा, पायथनमध्ये चुका शोधतानाही हीच सवय लागते.

प्रश्न : मिंट जवळजवळ पूर्ण बसतं, मग पट्टी शेवटाजवळ तासभर हलत नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट जोडलेला आहे. बंद करू का?
— एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : मशीन बंद करू नकोस, हॉटस्पॉट बंद कर. तू भाषा मराठी निवडली असशील. अशा वेळी इन्स्टॉलर भाषेच्या फाइल्स इंटरनेटवरून उतरवायला जातो आणि रेंज नसली की तिथेच वाट बघत बसतो. माऊस हलतोय ना? मग हे गोठणं नाही. जोडणी तुटली की तो पुढे सरकतो. भाषेच्या फाइल्स नंतर सेटिंगमधून निवांत घेता येतात.

प्रश्न : शाळेत अ‍ॅटम एन२७० चे जुने नेटबुक पडून आहेत, १ जीबी रॅमचे. मिंटचा पेनड्राइव्ह लावला की इंग्रजीत एक ओळ येते आणि पुढे काहीच नाही.
— एक शिक्षक, साक्री तालुका

उत्तर : सर, ती ओळ नीट वाचा. कर्नलला ६४ बिटचा प्रोसेसर हवा आहे आणि इथे तो नाही, असं ती सांगते. एन२७० फक्त ३२ बिटचा आहे, त्यामुळे कोणताही शब्द जोडून मिंट २२ त्यावर चालणार नाही. डेबियन आणि अँटीएक्स हे लिनक्सचेच दुसरे प्रकार. डेबियन १३ ने ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. डेबियन १२ चा आहे, आणि अँटीएक्सची ३२ बिटची आवृत्ती १ जीबीत त्याहून हलकी चालते. मी अँटीएक्सच घेतलं असतं. ब्राउझर उघडला की मात्र १ जीबी लगेच संपेल. टायपिंग, गणिताचे खेळ, हार्डडिस्कवर उतरवलेली पुस्तकं एवढ्यासाठी ते मुलांना द्या. आधी एकाच नेटबुकवर बसवून आठवडाभर वर्गात वापरून बघा, मग बाकीच्यांना हात लावा.